एमआयडीसी, ड्रायपोर्ट अन् समृद्धी : जालन्याच्या शिवारातल्या जमिनीचा भाव नेमका ठरतो कसा? सही करण्याआधी वाचा

जालना : जालना आणि बदनापूर तालुक्यातल्या कुठल्याही टपरीवर चहाला थांबा, दोनच विषय चालू असतात. एक कपाशीचा भाव, दुसरा एकराचा भाव. कपाशीचा भाव बाजार समितीच्या फळ्यावर दिसतो. एकराचा भाव मात्र ज्याच्या त्याच्या तोंडात असतो. कोण म्हणतो रोडला लागून इतके कोटी, कोण म्हणतो ड्रायपोर्ट चालू झालं की दुप्पट. त्यातलं खरं किती अन् हवा किती, हे कळायचं कसं, यासाठी हा लेख. भावाचे आकडे इथे मिळणार नाहीत. ते गटागटाला बदलतात अन् आज लिहिलेला आकडा उद्या दलालाच्या तोंडी "छापून आलंय" म्हणून फिरतो. पण भाव कशामुळे चढतो, कशामुळे अडतो आणि कागदावर आपलं नुकसान कुठं होतं, ते एकदा डोक्यात बसवून घ्या.

आधी जालन्याचा धंदा समजून घ्या

"जालना सोने का पालना" ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. व्यापारी पेठ, सरकी, तेल, बियाणं यावर हे गाव मोठं झालं. १९६४ साली महिको इथे सुरू झाली आणि बियाण्यांच्या धंद्यात जालन्याचं नाव देशभर गेलं. १ मे १९८१ ला जालना वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर एमआयडीसी टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि लोखंडाचा धंदा जमला. भंगार आणायचं, भट्टीत वितळवायचं, बिलेट काढायचे अन् रोलिंग मिलमध्ये सळई ओढायची. आज राज्यात घर बांधणारा माणूस जालन्याची सळई ओळखतो.

जमिनीच्या भावाशी याचा संबंध काय? स्टीलच्या कारखान्याला सगळ्यात आधी लागते वीज. भट्टीचा निम्मा जीव विजेच्या बिलात असतो. त्यानंतर पाणी, त्यानंतर ट्रक वळेल असा रस्ता. जमीन चौथ्या नंबरवर येते. म्हणून एमआयडीसीच्या हद्दीपासून दोन किलोमीटरवरचा गट आणि आठ किलोमीटरवरचा गट यांच्या भावात जो फरक पडतो तो नुसत्या अंतराचा नसतो. विजेची मोठी लाईन अन् पाण्याचं कनेक्शन कुठपर्यंत आलंय, त्याचा असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात प्यायला पाणी नव्हतं तेव्हा कारखान्यांची काय गत झाली ते ज्यांनी बघितलं, त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

ड्रायपोर्ट : दगड लागला २०१५ ला

जवसगाव-दरेगाव शिवारातल्या ड्रायपोर्टचं भूमिपूजन २५ डिसेंबर २०१५ ला झालं. मुंबईच्या जेएनपीटी बंदराचं काम इथंच व्हावं, कंटेनर इथंच भरून सील करून रेल्वेने बंदरावर जावा, अशी ती कल्पना. पुढे त्याच जागेवर मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क करायचं ठरलं. भूमिपूजनाच्या त्या हिवाळ्यात आजूबाजूच्या गावांत गाड्यांची रांग लागली होती. पुण्या-मुंबईच्या नंबरप्लेट, गॉगल घातलेली माणसं, बांधावर उभं राहून मोबाईलवर नकाशा बघणारी. भाव त्या वर्षी जो चढला तो बंदर चालू होण्याआधीच चढला.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या चुलत भावाने तेव्हा दीड एकराचं रजिस्टर साठेखत करून दिलं. इसार घेतला, बाकी रक्कम अकरा महिन्यांत मिळणार होती. मिळाली नाही. घेणारा फोन उचलेना. भाऊ म्हणाला, जाऊ द्या, इसार आपलाच झाला. तीन-चार वर्षांनी दुसरं चांगलं गिऱ्हाईक आलं, पोरीचं लग्नही जवळ आलं होतं. समोरच्या वकिलाने सर्च रिपोर्ट काढला तर त्यात जुनं साठेखत उभं! ते रद्द करायला पहिल्या पार्टीची सही पाहिजे, अन् ती पार्टी गावली नाही. गिऱ्हाईक परत गेलं. साठेखतात फक्त एक ओळ पाहिजे होती : अमुक तारखेपर्यंत पूर्ण रक्कम न दिल्यास करार आपोआप रद्द, आणि रद्द लेखावर सही करून देणे घेणाऱ्यावर बंधनकारक. ती लिहून घ्यायचं कुणाला सुचलं नाही, कारण सगळे पेढे खाण्यात होते.

मोठ्या प्रकल्पाच्या नावाने चढलेला भाव आणि प्रकल्प चालू झाल्यावर टिकणारा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये दहा-दहा वर्षं जातात. खरपुडीच्या सिडको प्रकल्पाचं उदाहरण ताजं आहे. कधी होणार, कधी नाही होणार, परत होणार, अन् मग २०२५ मध्ये थेट चौकशीचे आदेश. दरम्यान शिवारातले व्यवहार झालेच.

समृद्धीला लागून शेत म्हणजे रस्त्याला लागून शेत नव्हे

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे हा तुकडा चालू होऊन रस्ता पुरा झाला. आपल्या जिल्ह्यात तो जालना आणि बदनापूर तालुक्यातून जातो.

इथे लई लोकांची फसगत होते. दलाल सांगतो, "दादा, जमीन समृद्धी टच आहे." टच असून उपयोग काय? समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. इंटरचेंज सोडला तर चढता-उतरता येत नाही. तुमच्या बांधावरून गाड्या दीडशेच्या जवळपास वेगाने जाताना दिसतील, पण तुमचा ट्रॅक्टर त्या रस्त्यावर जाणार नाही. उलट काही गटांचा जुना पाणंद रस्ता तुटला अन् बोगद्यातून वळसा घालून शेतात जावं लागतं. कारखानदार किंवा गोडाऊनवाला बघतो ते इंटरचेंजपासूनचं अंतर, म्हणजे आपल्याकडे निधोन्याच्या बाजूचं, आणि इंटरचेंजपासून गटापर्यंतचा रस्ता किती रुंद आहे ते. चाळीस फुटी कंटेनर वळला पाहिजे. बारा फुटी शिवरस्त्यावर तो वळत नाही, मग गट समृद्धीपासून शंभर मीटरवर असो की पाचशे.

जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग झाला तर जालना हे चौकाचं गाव होईल हे खरं. पण त्या रस्त्याच्या मोबदल्यासाठी परतूर, मंठा, जालना भागातल्या शेतकऱ्यांना किती उपोषणं करावी लागली तेही खरं. समृद्धीला जो भाव मिळाला तोच आम्हाला द्या, ही त्यांची मागणी. समृद्धीच्या वेळी थेट खरेदी झाली, त्यात कायद्याने बसणाऱ्या मोबदल्यावर २५ टक्के जादा होते. म्हणून लोकांच्या तोंडात "पाचपट" बसलं. प्रत्येक प्रकल्पाला पाचपट मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

शेंद्रा-बिडकीनची ओढ

संभाजीनगर रोडचा भाव जालन्यामुळे जितका चढतो, त्याहून जास्त तो शेंद्र्यामुळे चढतो, असं माझं मत. ऑरिकचे दोन भाग : शेंद्रा आणि बिडकीन, मिळून साधारण दहा हजार एकर. त्यासाठी तिकडच्या शेतकऱ्यांना एकरी २३ लाख मिळाले होते, तो आकडा तेव्हा मराठवाड्यात फार मोठा वाटला. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर एनर्जी यांनी तिथे येण्याचं जाहीर केलं. त्या बातम्यांनंतर करमाडपासून बदनापूरच्या दिशेने चौकशी वाढली.

पण ही चौकशी कशाची आहे ते बघा. मोठ्या कंपनीला जमीन सरकार देतं, नियोजित क्षेत्रात देतं. ती तुमच्या गटात येत नाही. तुमच्या गटात येतो तो गोडाऊनवाला, सुटे भाग करणारा छोटा कारखानदार, ट्रकसाठी जागा शोधणारा, आणि कामगारांना खोल्या बांधून देणारा. या लोकांना पाच-दहा एकर नको असतं. त्यांना पाहिजे असतं वीस गुंठे, एक एकर, तेही रोडला. म्हणून रोडच्या पहिल्या पट्ट्याचा भाव आभाळाला अन् मागच्या गटाचा भाव शेतीचाच, असं चित्र दिसतं. मागच्या गटवाल्याने पुढच्याचा भाव सांगू नये. मागायचा असेल तर आधी पुढच्या गटातून रस्ता लिहून घ्यावा.

रेल्वेचंही आहे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, आणि राजूर, भोकरदन मार्गे जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये. राजूर रोडला त्याचा परिणाम आतापासून जाणवतोय. पण मंजुरी अन् रूळ यात किती अंतर असतं ते ड्रायपोर्टने शिकवलंय.

एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसतो

गावाकडचे पुष्कळ लोक एमआयडीसीतल्या प्लॉटचा भाव ऐकून आपल्या शेताचा भाव ठरवतात. हे दोन्ही एका तराजूत बसत नाहीत. एमआयडीसी प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. रस्ता, पाणी, वीज तिथे आधी असतं. ठरलेल्या मुदतीत बांधकाम केलं नाही तर प्लॉट परत घेता येतो. दुसऱ्याला द्यायचा तर महामंडळाची परवानगी अन् वरचा आकार भरावा लागतो. तरीही हातोहात प्लॉट फिरतात आणि त्याचा भाव मूळ दरापेक्षा जास्त असतो, कारण नवीन प्लॉट शिल्लक नसतात. नवीन टप्पा जाहीर झाला की मात्र हा वरचा भाव थंड होतो. एमआयडीसीलगत शेत असणाऱ्याने या गोष्टीवर डोळा ठेवावा. नवीन टप्पा म्हणजे एक तर तुमची जमीन जाणार, नाही तर तुमच्या गिऱ्हाईकाला दुसरीकडे स्वस्त जागा मिळणार.

कागदावर कमी, हातात जास्त : हाच खरा घाटा

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या मते या एकाच गोष्टीने आपल्या भागातल्या गावांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे.

सरकारला जमीन घ्यायची असली की मोबदला कसा काढतात? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पद्धत दिली आहे. एमआयडीसीच्या स्वतःच्या १९६१ च्या कायद्याने जमीन घेतली तरी २०१८ च्या दुरुस्तीनंतर मोबदल्याचा हिशोब याच पद्धतीने होतो. गावातले आणि लगतचे मागच्या तीन वर्षांतले तशाच जमिनीचे खरेदीखत काढतात. त्यातले जास्त भावाचे निम्मे घेतात. त्यांची सरासरी काढतात. ही सरासरी, रेडीरेकनरचा दर आणि संमतीने ठरलेला भाव, यातला जो जास्त तो बाजारभाव. ग्रामीण भागात त्याला १ ते २ यामधल्या गुणांकाने गुणतात. कुठल्या प्रकल्पाला किती गुणांक ते शासन ठरवतं. झाडं, विहीर, पाईपलाईन, घर यांची किंमत वेगळी धरतात. जेवढं होईल त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. शिवाय बाजारभावावर पहिल्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत वर्षाला १२ टक्के.

समजा एका गावात तीन वर्षांत चार व्यवहार झाले. खरे भाव एकरी १०, १२, २० आणि ३० लाख. जास्तीचे निम्मे म्हणजे २० अन् ३०. सरासरी २५ लाख. गुणांक २ धरला तर ५० लाख, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, झाले एक कोटी.

आता तेच गाव. २० लाखवाल्याने स्टॅम्प ड्युटी वाचवायला खरेदीखतात १२ लाख दाखवले आणि ३० लाखवाल्याने १५ लाख. बाकी रोख. कागदावर चार आकडे राहिले १०, १२, १२, १५. जास्तीचे निम्मे १२ आणि १५, सरासरी साडेतेरा. दुप्पट सत्तावीस, अन् दिलासा धरून ५४ लाख. एकरी ४६ लाखांचा फटका. हा फटका ज्याने कमी दाखवलं त्याला बसत नाही, तो तर विकून मोकळा झाला. बसतो तो ज्याने जमीन धरून ठेवली त्याला, म्हणजे आख्ख्या गावाला. निवाडा आल्यावर मग आपण म्हणतो, सरकारने कवडीमोल भावाने जमीन घेतली. सरकारने आपणच रजिस्ट्री ऑफिसात लिहून दिलेला भाव वाचला.

याच्या उलट, अधिसूचना येणार असं कळल्यावर घाईघाईत फुगवून केलेले खरेदीखतही कामाला येत नाही. भाव खरा वाटत नसेल तर असा व्यवहार जिल्हाधिकारी बाजूला काढू शकतात.

आपल्या गावात कुठला व्यवहार किती रुपयांना नोंदला ते बघायला कुणाच्या पाया पडायची गरज नाही. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्चमध्ये जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला की सूची २ निघते. रेडीरेकनरचा दरही तिथेच. मोबाईलवर होतं, फक्त वेबसाईट कधी कधी रुसते. रात्री उशिरा बघितलं तर लवकर उघडते.

सहा किलोमीटरचा टॅक्स

शेतजमीन विकली तर टॅक्स नाही, असं सर्रास बोललं जातं. अर्धवट खरं आहे. शहराची लोकसंख्या एक लाख ते दहा लाख असेल तर त्याच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकल्यावर नफ्यावर टॅक्स लागतो. जालन्याची लोकसंख्या २०११ ला २ लाख ८५ हजार होती, म्हणजे जालन्याला सहा किलोमीटरचा नियम. दहा हजार ते एक लाखाच्या गावाला दोन किलोमीटर. हे अंतर रस्त्याने मोजत नाहीत, हवेतून मोजतात. एमआयडीसीच्या आसपासचा बराच शिवार यात येतो. २०१३ च्या कायद्याने सक्तीने संपादन झालेल्या जमिनीच्या मोबदल्यावर मात्र आयकर नाही. आणि जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही. इसारसुद्धा चेकने किंवा खात्यावर घ्या. रोख घेतलेल्या पैशाचा पुरावा भांडणात तुमच्याकडे नसतो आणि नोटीस आली की तो दुसऱ्याकडे निघतो.

सातबाऱ्याचं खालचं खानं वाचा

सातबारा काढला की आपण नाव अन् क्षेत्र बघतो. 'इतर हक्क' कोण वाचत नाही. औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन अधिसूचित झाली असेल तर शेरा तिथे असतो. असा शेरा असलेली जमीन स्वस्तात घेऊन मोबदला स्वतः उचलणारे लोक फिरत असतात. तुम्हाला नोटीस यायच्या आधी त्यांच्याकडे नकाशा असतो.

भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगी अन् नजराण्याशिवाय विक्री होत नाही. निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश, देवस्थान इनाम जमिनी आपल्या मराठवाड्यात पुष्कळ आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांपेक्षा वेगळे आहेत. देवस्थानच्या जमिनीच्या नादी तर लागूच नका. कुळाच्या बाबतीत आपल्याकडे हैदराबाद कूळ कायदा चालतो. पुण्याच्या वकिलाने व्हॉट्सअॅपवर सांगितलेलं कलम इथे लागू होईलच असं नाही.

गुंठ्यागुंठ्याने विकायचं ठरवत असाल तर २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्याखालच्या तुकड्याची नुसती नोटरी करून जो प्लॉट घेतो त्याच्या नावाने सातबारा होत नाही. कारखान्यात राबून पैसे साठवलेल्या पोरांचे पैसे अशाच नोटरीत अडकलेत. शहरालगतचे जुने व्यवहार नियमित करायचा निर्णय सरकारने घेतला आहे. तुमचा गट त्यात बसतो का ते तहसीलमध्ये लेखी विचारा, तोंडी उत्तर धरू नका. प्लॉटिंगवाला ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचे प्लॉट विकत असेल तर त्याच्याकडे महारेराचा नंबर पाहिजे. नुसता "एनए होणार आहे" हा बोर्ड म्हणजे एनए नव्हे.

घरातली वाटणी आधी करून घ्या. बहिणीचा हिस्सा आहे, तो पैसा आल्यावर निघतोच. वाद असला की मोबदल्याची रक्कम भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होते आणि भाऊ-बहिणी वकिलाच्या दारात.

विकणं हा एकच मार्ग नाही

महावितरणच्या उपकेंद्राजवळ पडीक किंवा हलकी जमीन असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढ. एकरी पन्नास हजार पडतं. आमच्या भागातल्या हलक्या रानाला सोयाबीन इतकं देत नाही. रोडच्या पट्ट्यावर एनए करून शेड बांधून भाड्याने देणारेही आता दिसतात. त्याला भांडवल लागतं अन् भाडेकरू पळाला तर शेड पडून राहतो, पण जमीन नावावर राहते.

नोटीस आलीच तर

एमआयडीसी कायद्यात कलम ३२(२) ची नोटीस म्हणजे "ही जमीन का घेऊ नये ते सांगा" अशी विचारणा असते. ती अंतिम नसते. सुनावणीला गेलं पाहिजे अन् हरकत लेखी दिली पाहिजे. हरकतीत नुसतं "आम्हाला जमीन द्यायची नाही" लिहून भागत नाही. विहीर किती फूट, मोसंबीची झाडं किती अन् किती वर्षांची, पाईपलाईन कुठून कुठे, राहिलेल्या तुकड्याला रस्ता राहतो का, हे सगळं लिहा. फोटो जोडा. पीकपाहणीत फळबाग नोंदलेली नसेल तर मोजणीच्या दिवशी झाड उभं असूनही कागदावर नसतं, म्हणून ई-पीक पाहणी दर हंगामात करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख अन् शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका. राजपत्रात कलम ३२(१) ची अधिसूचना निघाली की जमीन शासनाची होते, त्यानंतर भांडण फक्त पैशाचं उरतं.